चिनी विवाहमेलनात जन्ममासाचे स्थान

चिनी राशिचक्राचा विषय निघाला म्हणजे उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढा, वानर, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर या बारा प्राण्यांची माला डोळ्यांसमोर उभी राहते. ज्या वर्षी मनुष्य जन्मला त्या वर्षाचा प्राणी ही त्याची रास. आणि वधूवरांचे प्राणी परस्परांस अनुकूल असले तर विवाह जुळतो, प्रतिकूल असले तर जुळत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीत जन्ममासाला स्थान दिले तरी ते दुय्यम असते. वर्षाच्या फलात थोडा फेरफार करणारी एक पुरवणी, एवढेच त्याचे महत्त्व मानले जाते.

प्रस्तुत लेखात याच्या उलट प्रतिपादन करण्याचे योजिले आहे. चिनी विवाहमेलनाचे जे नियम आज प्राण्यांच्या नावाने सांगितले जातात, ते मुळात महिन्यांच्या परस्परसंबंधांचे नियम आहेत. प्राणी त्यांवर मागाहून बसविले गेले. पुढे केवळ वर्षाचा प्राणी लोकांच्या स्मरणात राहिला आणि महिना गळून गेला. ही केवळ ज्योतिषाच्या इतिहासातील उलटापालट नव्हे. या बदलाचा भार प्रत्यक्ष माणसांवर, त्यांतही विशेषतः उपवर मुलींवर, पडलेला आहे. या शास्त्राच्या सत्यासत्यतेचा निर्णय करणे हा येथे हेतू नाही. एका समाजाने काळाचे विभाग कसे पाडले आणि त्या विभागांवर माणसांची पारख कशी केली, एवढेच पाहावयाचे आहे.

(१) शाखा, महिने आणि प्राणी

चिनी कालगणनेत दहा 'स्कंध' आणि बारा 'शाखा' अशा दोन संज्ञामाला आहेत. त्या एकत्र फिरविल्या म्हणजे साठ जोड्यांचे चक्र पुरे होते. आन्यांग येथे सापडलेल्या शांग राजवटीच्या अस्थिलेखांत, म्हणजे इसवी सनापूर्वी तेराव्या शतकापासून, हे चक्र दिवस मोजण्यासाठी वापरलेले आढळते. पुढे बारा शाखा वर्षाच्या बारा महिन्यांनाही लावण्यात आल्या. ज्या महिन्यात दक्षिणायनाचा शेवट होऊन दिवस वाढू लागतो, तो पहिल्या शाखेचा महिना ठरला. हान सम्राट वू याच्या कारकीर्दीत इ. स. पू. १०४ मध्ये जी पंचांगसुधारणा झाली, तिने तिसऱ्या शाखेचा महिना हा वर्षारंभाचा महिना म्हणून कायम केला. आज चिनी नववर्षाचा पहिला महिना 'वाघाचा' म्हटला जातो, त्याचे कारण हेच होय.

प्राण्यांचा सर्वांत जुना सलग पुरावा यानंतर बऱ्याच काळाने हाती आला. १९७५ साली हूपै प्रांतात श्वेइ-हू-ती येथे छिन राजवटीतील एका अधिकाऱ्याचे थडगे उघडण्यात आले. ते इ. स. पू. २१७ च्या सुमारास बंद झालेले होते. त्यातील बांबूपट्ट्यांवर 'दिनग्रंथ' म्हणून ओळखले जाणारे शुभाशुभ दिवसांचे लिखाण मिळाले. त्याच्या एका प्रकरणात, अमुक शाखेच्या दिवशी चोरी झाली तर चोर कसा दिसतो, हे प्राण्यांच्या साहाय्याने सांगितले आहे. उंदराच्या दिवशीचा चोर निमुळत्या तोंडाचा असतो, अशा धर्तीचे ते वर्णन आहे. यात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, येथे प्राणी दिवसाला जोडलेला आहे. जन्मवर्षाला नाही आणि विवाहाशी तर त्याचा काहीच संबंध नाही. दुसरी, यादी आजच्यासारखी नाही. आज जेथे घोडा आहे तेथे हरिण आहे आणि घोडा पुढच्या शाखेवर गेलेला आहे. शाखा स्थिर होत्या, प्राणी अद्याप स्थिरावले नव्हते, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात वांग छुंग याने 'लुन-हंग' या ग्रंथात प्राण्यांची मालिका देऊन तिच्यावर तर्कशुद्ध हल्ला चढविला. उंदराची शाखा जलतत्त्वाची, घोड्याची अग्नितत्त्वाची. जल अग्नीला जिंकते असे म्हणता, तर उंदीर घोड्याचा पाठलाग का करीत नाही? कोंबडा धातुतत्त्वाचा आणि ससा काष्ठतत्त्वाचा. मग कोंबडा सशाला का टोचीत नाही? या प्रश्नांचा रोख असा की, तत्त्वे शाखांना चिकटलेली आहेत, प्राण्यांच्या स्वभावाशी त्यांचे काही नाते नाही. वांग छुंगने ज्या दुबळ्या सांध्यावर बोट ठेवले, तोच आपल्या प्रतिपादनाचा प्रारंभबिंदू आहे.

जन्मवर्षाचा प्राणी ही माणसाची ओळख झाल्याचा एक हृदयस्पर्शी पुरावा सहाव्या शतकातला आहे. उत्तर चौ राज्याचा कर्तबगार मंत्री यू-वेन हू याची आई शत्रुराज्यात अडकून पडली होती. तिच्या नावाने मुलास आलेल्या पत्रात आपल्या मुलांची खूण पटविताना ती थोरला उंदराचा, दुसरा सशाचा आणि तू सापाचा, असे सांगते. वर्षप्राणी तोपर्यंत घराघरांत पोहोचला होता, हे यावरून निःसंशय दिसते. परंतु त्याचे येथील कार्य स्मरणाचे आहे, मेलनाचे नव्हे.

(२) मैत्री आणि वैर यांचे मूळ

आता विवाहमेलनाचे मुख्य नियम पाहू. पहिला 'त्रिसंयोग': वानर–उंदीर–ड्रॅगन, डुक्कर–ससा–मेंढा, वाघ–घोडा–कुत्रा आणि साप–कोंबडा–बैल हे चार गट परस्परांचे मित्र. दुसरा 'षट्संयोग': उंदीर–बैल, वाघ–डुक्कर, ससा–कुत्रा, ड्रॅगन–कोंबडा, साप–वानर, घोडा–मेंढा या सहा जोड्या. तिसरा 'षड्विरोध': उंदीर–घोडा, बैल–मेंढा, वाघ–वानर, ससा–कोंबडा, ड्रॅगन–कुत्रा, साप–डुक्कर.

प्राण्यांच्या स्वभावावरून या नियमांचा उलगडा करण्याचा प्रयत्न केला तर पदरी काहीच पडत नाही. सशाची कुत्र्याशी मैत्री आणि कोंबड्याशी हाडवैर, हे कोणत्या अरण्यात पाहावयास मिळते? आपल्याकडील योनिकूटात मांजर–उंदीर, साप–मुंगूस, गाय–व्याघ्र ही वैरे निदान डोळ्यांना पटणारी आहेत. चिनी जोड्या तशा नाहीत. मात्र प्राणी बाजूस सारून त्या जागी महिने ठेवले की सर्व कोडे सुटते.

त्रिसंयोगाचे स्पष्टीकरण इ. स. पू. १३९ मध्ये सम्राटास सादर झालेल्या 'ह्वाय-नान-त्झु' या ग्रंथाच्या खगोलविषयक प्रकरणात मिळते. प्रत्येक तत्त्व एका महिन्यात जन्मते, एकात भरास येते आणि एकात मरते. जल सातव्या महिन्यात जन्मते, अकराव्यात म्हणजे ऐन हिवाळ्यात प्रबळ होते आणि तिसऱ्यात संपते. या तीन महिन्यांच्या शाखा म्हणजेच वानर, उंदीर आणि ड्रॅगन. अग्नी पहिल्यात जन्मतो, पाचव्यात, ऐन उन्हाळ्यात, भरास येतो आणि नवव्यात विझतो. तेथे वाघ, घोडा आणि कुत्रा आहेत. काष्ठाचा भर वसंताच्या मध्यावर, दुसऱ्या महिन्यात. धातूचा भर शरदाच्या मध्यावर, आठव्यात. 'मित्र' प्राणी म्हणजे एकाच तत्त्वाच्या आयुष्यातील बाल्य, तारुण्य आणि अंत दाखविणारे तीन महिने होत.

षट्संयोगाची उपपत्ती याहून उघडपणे खगोलीय आहे. सप्तर्षींचा दांडा संध्याकाळी ज्या दिशेकडे वळलेला असतो, त्या दिशेची शाखा ही महिन्याची शाखा. दांडा एका दिशेने फिरतो. सूर्य राशिस्थानांतून त्याच्या उलट क्रमाने सरकतो. अकराव्या महिन्यात दांडा उंदराच्या शाखेवर असतो आणि सूर्य बैलाच्या शाखास्थानी असतो. पुढच्या महिन्यात दांडा बैलावर जातो, सूर्य उंदरावर येतो. अशा रीतीने वर्षभर चालत गेले म्हणजे वरील सहा जोड्या आपोआप तयार होतात. सुई काळातील श्याव ची याच्या पंचतत्त्वविषयक ग्रंथातही या जोड्यांचा संबंध सूर्यचंद्रांच्या युतिस्थानाशी जोडलेला आहे. राहता राहिला षड्विरोध. त्यात तर प्रत्येक जोडी बरोबर सहा महिन्यांच्या अंतरावर आहे. उंदीर आणि घोडा यांचे वैर म्हणजे हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या मध्यबिंदूंचे वैर होय.

तात्पर्य, 'जन्ममासाचा मेलनावर काय परिणाम होतो?' हा प्रश्नच काहीसा उलटा मांडला जातो. ज्या भाषेत मेलन सांगितले जाते, ती भाषाच महिन्यांची आहे.

(३) थांग काळ: खंडन, नक्षत्रे आणि ली श्यू-चुंग

थांग काळात या विद्येला तीन दिशांनी वळण मिळाले. सम्राट थाय-त्सुंग (कारकीर्द ६२६–६४९) याच्या आज्ञेवरून ल्यू त्साय (मृत्यू ६६५) याने शकुन, वास्तू, भाग्य आणि दफन यांवरील गोंधळलेल्या ग्रंथांची छाननी केली. भाग्यविषयक निबंधात त्याने छिनचा पहिला सम्राट, हान सम्राट वू इत्यादिकांचे जन्मवर्ष व जन्ममास घेऊन प्रचलित नियमांनी फल काढले आणि ते त्यांच्या प्रत्यक्ष चरित्राशी जुळत नाही हे दाखविले. इ. स. पू. २६० च्या छांग-फिंगच्या युद्धानंतर जिवंत गाडल्या गेलेल्या सैनिकांना सर्वांनाच एक कुयोग होता काय, आणि हान राजवटीच्या पुनःस्थापनेत वैभवास चढलेले नान-यांगचे सरदार सगळेच षट्संयोगावर जन्मले होते काय, असा त्याचा सवाल होता. टीका झाली ती वर्ष आणि महिना या दोहोंवर आधारलेल्या फलावर, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. सातव्या शतकात महिना हा भाग्यगणनेचा नित्याचा घटक होता.

दुसरे वळण भारतीय आहे. ७५९ मध्ये अमोघवज्राने नक्षत्रे व ग्रह यांवरील एक ग्रंथ चिनी भाषेत उतरविला. ७६४ मध्ये त्याचे संस्करण झाले. त्यात दोन व्यक्तींचा परस्परसंबंध त्यांच्या जन्मनक्षत्रांवरून ठरविला आहे. जन्म, संपत्, विपत्, क्षेम इत्यादी जे ताराबल आपल्या पंचांगांत दिलेले असते, तेच चिनी संज्ञांत तेथे आढळते. चिनी वाचकास चंद्राचे प्रत्यक्ष स्थान काढणे अवघड. म्हणून जन्माचा महिना आणि तिथी यांवरून नक्षत्र सांगण्याची योजना करण्यात आली. तिचा पाया आपल्या मासनामांचाच आहे. ज्या महिन्याची पौर्णिमा चित्रा नक्षत्रावर तो चैत्र; तो चिनी दुसरा महिना धरला आणि त्याच्या पंधराव्या तिथीस चित्रा ठेवून मागेपुढे मोजत गेले. या पद्धतीत जन्ममास चुकला तर नक्षत्र चुकते आणि सर्व मेलनच कोसळते. ही पद्धत पुढे जपानात अधिक टिकली. चीनमध्ये मात्र शाखांची देशी पद्धतच बलवत्तर ठरली.

तिसरे वळण ली श्यू-चुंग याचे. तो ८१३ मध्ये वारला. त्याचा मृत्युलेख प्रसिद्ध साहित्यिक हान यू याने लिहिला असून, जन्माचे वर्ष, महिना आणि दिवस यांच्या स्कंधशाखांवरून तो माणसाचे आयुष्य व वैभव सांगत असे, अशी नोंद त्यात आहे.

(४) महिना म्हणजे कोणता महिना?

श्यू त्झु-फिंग याच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत सुंग काळात रूढ झाली. वर्ष, महिना, दिवस आणि प्रहर असे चार स्तंभ. प्रत्येकास एक स्कंध व एक शाखा. मिळून आठ अक्षरे. या पद्धतीत मनुष्य स्वतः म्हणजे जन्मदिवसाचा स्कंध. तो बलवान की दुर्बळ हे मुख्यतः महिन्याच्या शाखेवरून ठरते. म्हणून महिन्याच्या स्तंभास जाळ्याच्या मुख्य दोरीची उपमा देण्यात आली. ती ओढली की सारे जाळे हाती येते. वर्षाचा प्राणी येथे चार शाखांपैकी एक होऊन बसतो. साठ वर्षे, बारा महिने, साठ दिवस आणि बारा प्रहर यांचा गुणाकार केला तर ५,१८,४०० भिन्न जन्मपत्रे संभवतात. बारा प्राण्यांच्या ढोबळ विभागणीशी याची तुलनाच नको.

मेलनाचे तत्त्वही यामुळे पालटले. ज्याचा दिवसस्कंध अग्नीचा आणि जन्म ऐन हिवाळ्यातला, त्याचा अग्नी क्षीण. त्यास काष्ठ व अग्नी यांची जोड देणारी, वसंतात किंवा ग्रीष्मात जन्मलेली सहचरी अनुकूल. सारखेपणापेक्षा पूरकता येथे महत्त्वाची ठरली. छिंग काळात प्रचलित झालेल्या 'च्युंग-थुंग पाव-च्येन' या ग्रंथाची मांडणीच दहा स्कंध गुणिले बारा महिने अशी आहे.

परंतु हा महिना लोकव्यवहारातला चांद्रमास नव्हे. सूर्याच्या वार्षिक मार्गाचे चोवीस विभाग पाडलेले असून त्यांतील बारा 'संधीं'पासून ज्योतिषाचे महिने सुरू होतात. वर्षाचा आरंभही चांद्र नववर्षाला न होता ४ फेब्रुवारीच्या सुमारास येणाऱ्या वसंतारंभाला होतो. म्हणूनच या सीमेवर जन्मलेल्यांची राशी दोन ठिकाणी दोन होते. १९८४ साली चांद्र नववर्ष २ फेब्रुवारीस आले आणि वसंतारंभ ४ तारखेस. ३ फेब्रुवारीस जन्मलेले मूल लोकरीतीने उंदराचे, ज्योतिषाच्या मते डुकराचे. पुढच्या वर्षी नववर्ष २० फेब्रुवारीस होते. १० तारखेचे मूल लोकरीतीने उंदराचे, ज्योतिषाच्या मते बैलाचे. 'माघाचे' मूल कोणाचे, हा वाद म्हणजे दोन पंचांगांचा वाद आहे.

अधिकमासाचा प्रश्नही असाच सुटतो. ज्या चांद्रमासात सूर्यसंक्रमण नाही तो अधिक, हा आपला नियम; चिनी नियम तत्त्वतः तोच आहे, फरक सायन-निरयनाचा. २०२३ मध्ये २२ मार्च ते १९ एप्रिल हा अधिक दुसरा महिना होता. त्याच्या मध्यावर, ५ एप्रिलला, नवी संधी आली. तिच्या आधी जन्मलेले मूल सशाच्या महिन्याचे, नंतरचे ड्रॅगनच्या.

या सीमारेषा आकाशात कोरलेल्या नव्हत्या. १६४५ पूर्वी चोवीस विभाग समान दिवसांचे धरले जात. त्या वर्षी योहान आडाम शाल या जेझुइटाच्या देखरेखीखालील नव्या पंचांगाने सूर्याची स्पष्ट गती स्वीकारली, आणि काही संधी सुमारे दोन दिवसांपर्यंत सरकल्या. त्या फटीत जन्मणाऱ्यांचा महिना बदलला. वसंतारंभाच्या फटीत तर वर्षाचा प्राणीही बदलला. १६६४ मध्ये शालवर जो खटला उभा राहिला, त्यात एका बालराजपुत्राच्या दफनाची अशुभ वेळ ठरविल्याचा आरोप होता. पुढील वर्षी पाच चिनी ज्योतिर्विदांचा शिरच्छेद झाला. पंचांग हा त्या दरबारी कोरडा विषय नव्हता.

(५) लग्नपत्रिका आणि लोकाचार

प्राचीन 'यी-ली' ग्रंथातील विवाहाच्या सहा विधींपैकी दुसरा 'नाव विचारणे' हा होय आणि तिसरा कौल अनुकूल आल्याचे कळविणे हा. उत्तरकाळी नाव विचारण्याच्या जागी आठ अक्षरांच्या पत्रिकेची देवघेव आली. जस्टस डूलिटल या अमेरिकन मिशनऱ्याने १८६५ च्या आपल्या ग्रंथात फूचौ येथील चाल वर्णिली आहे. पत्रिका तीन दिवस घरच्या देव्हाऱ्यात धूपपात्रापाशी ठेवीत. तेवढ्यात भांडे फुटणे किंवा वस्तू हरवणे असे काही विपरीत घडले नाही म्हणजे बोलणे पुढे चाले.

शास्त्रकारांच्या सूक्ष्म गणिताखेरीज लोकात जन्ममासाचे आणखी ठोकळ दोष प्रचलित होते. त्यांतील 'लोखंडी केरसुणी' हा विशेष कुप्रसिद्ध. वर्षप्राण्याचा त्रिसंयोग-गट आणि जन्ममहिना यांवरून तो निघे, आणि स्त्री व पुरुष यांस वेगवेगळे महिने लागू असत. अशा महिन्यात जन्मलेली मुलगी सासरची संपत्ती झाडून नेते, असा समज होता. मूळ नक्षत्रावरील मुलीची आपल्याकडे जी अवस्था झाली, ती आठवली म्हणजे या दोषाचे सामाजिक स्वरूप निराळे सांगावयास नको. दोष पुरुषासही सांगितला आहे. परंतु सून घरात येते, जावई येत नाही, यामुळे व्यवहारात त्याचे ओझे मुलीच्याच शिरी अधिक बसावे हे स्वाभाविक होते.

विवाहाचा महिनाही वधूच्या वर्षप्राण्यावरून ठरे. ससा व कोंबडा यांस पहिला व सातवा, वाघ व वानर यांस दुसरा व आठवा, साप व डुक्कर यांस तिसरा व नववा, ड्रॅगन व कुत्रा यांस चौथा व दहावा, बैल व मेंढा यांस पाचवा व अकरावा, उंदीर व घोडा यांस सहावा व बारावा. येथे प्रत्येक ओळीत षड्विरोधाची एक जोडी एकत्र आली आहे, आणि तिला दिलेले महिनेही सहाच महिन्यांच्या अंतराचे आहेत. प्राण्यांच्या आडून महिने बोलतात, याचा याहून स्वच्छ दाखला मिळणार नाही.

(६) महिना गळून गेल्यावर

१९१२ च्या आरंभी चिनी प्रजासत्ताकाने ग्रेगोरियन पंचांग स्वीकारले. १९२८ मध्ये राष्ट्रवादी शासनाने भविष्यकथनाच्या धंद्यावर बंदीचे नियम काढले. १ मे १९५० पासून लागू झालेल्या विवाहकायद्याने साम्यवादी चीनमध्ये वधूवरांची संमती हाच विवाहाचा पाया ठरविला. आठ अक्षरे काढावयास पंचांग लागते आणि जाणकारही लागतो. वर्षाचा प्राणी मात्र कोणाच्याही मुखी असतो. म्हणून विद्या क्षीण झाली तसा प्राणी उरला आणि महिना विस्मृत झाला, हा निष्कर्ष वावगा ठरू नये.

हा बदल सौम्य होता असे मात्र म्हणता येत नाही. जपानने १८७३ पासून ग्रेगोरियन पंचांग घेतले आणि शाखांची वर्षे १ जानेवारीपासून मोजण्याचा प्रघात तेथे पडला. 'अग्नि-अश्व' वर्षी जन्मलेली स्त्री पतीस घातक होते, हा समज तेथे जुना होता. त्या वर्षी, म्हणजे १९६६ मध्ये, जपानात १३,६०,९७४ जन्म नोंदले गेले. आदल्या वर्षीचा आकडा १८,२३,६९७ होता. एका वर्षात सुमारे एक चतुर्थांश घट झाली. चार स्तंभांच्या शास्त्रात अग्नि-अश्व हा एका स्तंभाचा विषय. अकराव्या महिन्यात जन्मलेल्या मुलीचा अग्नी त्या शास्त्राने शमविला असता. महिना नाहीसा होताच बारा महिन्यांच्या सर्व मुली एका ओळीत दोषी ठरल्या.

जुन्या पद्धतीचे गोडवे गावेत असा याचा अर्थ नव्हे. लोखंडी केरसुणीचा डाग महिन्यानेच लावला होता. एवढेच म्हणता येईल की, गुंतागुंतीच्या शास्त्रात अपवादास आणि पुनर्विचारास वाट असे. तडजोड करू इच्छिणाऱ्या मध्यस्थास दिवस, प्रहर किंवा संधी यांपैकी कशाचा तरी आधार सापडे. सोप्या समजुतीत ती वाट बंद झाली. ल्यू त्सायने छांग-फिंगच्या मृतांविषयी विचारलेला प्रश्न १९६६ मधील न जन्मलेल्या मुलांविषयीही विचारता येतो. त्या मृतांचा अंत कोणत्याही शाखेने ठरविला नव्हता. या मुलांच्या बाबतीत मात्र शाखेवरील विश्वास हेच कारण ठरले, आणि म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकाने शाखांचे मूळ शोधणे व्यर्थ नाही.